अडतीस वाडगे

यादीतलं पहिलंच नाव सयराकानच्या सासऱ्यांचं होतं, आणि सगळं तिथेच अडलं.

जुन्या सामुदायिक शेतीच्या काळातलं ते कोठार. त्याच्या अंगणात घेवड्याची पोती थप्पी लावून ठेवलेली. सहकारी मंडळीचे अडतीस सभासद जमलेले. कुणी पोत्यांवर, कुणी उकिडवे, कुणी भिंतीला टेकून. सयराकान मंडळीची चिटणीस. नियम असा होता, की चिटणिसाने भर अंगणात सभासदाचं नाव घ्यायचं, त्याचं पोतं सगळ्यांदेखत उघडायचं, आणि दाणा एकसारखा असला तर ‘चालेल’, मिसळ असली तर ‘परत’, असं नावानिशी मोठ्याने सांगायचं.

सयराकानने वहीकडे पाहिलं. मग समोरच्या डोंगराकडे पाहिलं, जणू डोंगर मदतीला येणार होता.

“वाच की,” अध्यक्ष म्हणाले.

“हे नाव मला नाही घेता येत.”

“मग पुढचं घे.”

पुढचं नाव चुलतसासऱ्यांचं होतं. त्याच्या पुढचं त्यांच्या धाकट्या भावाचं. चौथं खुद्द अध्यक्षांचं, आणि ते नात्याने तिचे थोरले दीर, नवऱ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे.

“वहिनी, खालून सुरू करा,” मागून कुणीतरी पोरगेलासा आवाज आला. “थोरल्यांपाशी याल तोवर संध्याकाळ होईल, मग उद्यावर ढकलता येईल.”

हशा पिकला. सयराकान हसली नाही. सून सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांचं नाव घेत नाही, हे चोंग-आरिकमध्ये कुणी कुणाला शिकवत नाही. सव्वीस वर्षांपूर्वी डोक्याला पांढरा रुमाल बांधून ती या गावात उतरली, त्या दिवसापासून चुलतसासरे ‘उंच घरवाले’ झाले, त्यांचा भाऊ ‘करड्या घोड्यावाले’, आणि सासरे नुसते ‘मामंजी’. गाव एका कुळाचं. अडतीसपैकी एकवीस नावं तिच्या जिभेला वर्ज्य होती. आणि नावं वाचायचं काम नेमकं तिच्याकडे.

“मग कुणीतरी दुसऱ्याने वाचा,” ती म्हणाली.

अध्यक्षांना खोकला आला. तिच्या नवऱ्याने, कुबातने, बुटाच्या टोकाने जमीन उकरायला घेतली.

“तू वाच,” ती त्याला म्हणाली.

“मी? माझ्याच बापाचं पोतं मी उघडून बघू? उद्या घरात पाऊल ठेवू देतील का मला?”

“तुम्ही तरी वाचा, अध्यक्ष.”

“अगं, मला याच गावात राहायचंय ना.”

“आणि मी कुठे राहते?”

कुणीतरी चहाचं नाव काढलं, आणि चहा म्हटल्यावर सभा उठली ती उठलीच.

सयराकानचा एक नेम होता. पहाटेची नमाज झाली की ती जपमाळ हातात घेऊन मनाशी ठरवायची, आज दिवस मावळेपर्यंत आवाज चढवायचा नाही. आई गेल्यापासून सात वर्षं तिने हे सांभाळलं होतं. त्या दिवशी कोठाराला कुलूप लावताना किल्ली दोनदा चुकीच्या बाजूला फिरवली गेली, पण आवाज काही चढला नाही.

हा नियम काही आभाळातून पडला नव्हता. गेली तीन वर्षं तुर्की व्यापाऱ्याचा माणूस एल्दार गावात येई, माल उचली, आणि दर वर्षी किलोमागे भाव आणखी पाडून जाई. कारण एकच सांगे. चाळीस घरांचा माल एका ट्रकात ओतला जातो. त्यात दोन घरांनी गेल्या वर्षीचा उरलेला घेवडा मिसळला, की अख्खा ट्रक बाद. जुना दाणा शिजत नाही. नवा गळून लापशी होतो तरी जुना दाताखाली खडा. “तुमच्यातले निम्मे लोक झकास निवडून देतात,” एल्दार म्हणायचा, “पण मला ते निम्मे कोण हे कळत नाही, आणि तुम्ही सांगत नाही. मग मी सगळ्यांनाच वाईट भाव देतो. मला तरी दुसरं काय करता येतं?”

गावात कुणाचा माल कसा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण सांगणार कोण?

नदीपलीकडच्या गावात एकाच मालकाची कंपनी होती. तो कुणाची भीड ठेवत नसे, वाईट पोतं दारातून परत लावी, आणि त्याला चोंग-आरिकपेक्षा दीडपट भाव मिळे. माणसं तीच, पाणी तेच, घेवडाही तोच. चोंग-आरिकचे लोक त्याला शिव्या घालत आणि आपल्या मुली त्याच्याकडे निवडणीच्या कामाला पाठवत.

या वर्षी एल्दारने शेवटचं सांगितलं होतं. एक ट्रक, चारशे पोती, स्वच्छ माल. तो पसंत पडला तर व्यापारी पुढच्या पेरणीचा करार करणार, आणि निवडणीचा पट्टा इथेच, या कोठारात बसवणार. हिवाळाभर बारा बायकांना काम. नाही पडला, तर तो पलीकडच्या गावाशी बोलणी करायला मोकळा.

त्या बारांत एक जागा सयराकानने आपल्या मुलीसाठी मनात धरून ठेवली होती. मीरिम एकोणीस वर्षांची. मॉस्कोला मावसबहिणीच्या उपाहारगृहात भांडी घासायला निघाली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेचं तिकीट काढून झालेलं, दप्तरात वहीच्या पानांमध्ये ठेवलेलं. “इथे काय करू ते सांग, मग राहते,” एवढंच ती म्हणे. सयराकानकडे सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते एल्दारच्या त्या ट्रकावर अवलंबून होतं.

त्या संध्याकाळी धाकटी जाऊ नासिपा तिच्याकडे येऊन बसली. दोघी परातीत घेवडा पसरून निवडत होत्या. तुटका बाजूला, डागाळलेला बाजूला, खडा अंगणात.

“जाऊबाई, एक विचारू? वसंतातल्या सभेत तुमचं नाव चिटणीस म्हणून निघालं, तेव्हा पुरुष किती खूश झाले होते, आठवतं?”

“माझं अक्षर चांगलं आहे म्हणून.”

“अक्षर कशाला लागतं नावं मोठ्याने वाचायला? एकही जण ‘नाही’ म्हणाला नाही हो. या गावात एकमताने दुसरं काय झालंय आजवर? पाण्याच्या पाळ्या ठरवताना दोघांची डोकी फुटली होती.”

सयराकानचा हात परातीत थांबला.

वसंतातली ती सभा तिच्या डोळ्यांपुढे आली. एल्दार समोर बसलेला. नियम वाचून दाखवला, अडतीस हात वर गेले. प्रत्येकाने शेजाऱ्याचं पोतं डोळ्यांपुढे आणून हात वर केला होता. मग अध्यक्ष म्हणाले, चिटणीस कोण? आणि तीन-चार तोंडांतून एकदमच तिचं नाव आलं. तिला त्या वेळी बरं वाटलं होतं. घरी येऊन तिने आभाराची दोन रकात नमाज पढली होती.

नावं वाचायची, आणि वाचणारी अशी निवडायची, की तिला नावं घेताच येऊ नयेत. नियमही झाला, एल्दारही खूश, आणि कुणाचं पोतं उघडायचीही वेळ नाही. ती याला चूक समजत होती. चूक कसली, सोय होती.

“काय झालं?” नासिपाने विचारलं.

“काही नाही,” सयराकान म्हणाली आणि परातीतला एक खडा उचलून इतक्या जोरात फेकला, की कोंबड्या ओरडत पळाल्या.

दुसऱ्या दिवशी तिने तोड काढली. नावंच नकोत. प्रत्येक सभासदाने टोपीतून चिठ्ठी उचलायची, त्यावरचा आकडा आपल्या पोत्यांवर रंगवायचा. कुणाचा आकडा कुठला याची यादी फक्त मौलवी इसाकांकडे. ते दुसऱ्या कुळातले, त्यांच्या शेतात घेवडाही नाही. आकडा वाचायला कुणाची भीड पडणार?

“झकास,” अध्यक्ष म्हणाले. आज त्यांना झकास का वाटलं, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं.

सकाळी त्यांची बायको घट्ट सायीचा बुधला घेऊन आली. दाराशीच बसली, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या आणि उठता उठता म्हणाली, “बारा हा आकडा मला लहानपणापासूनच फार आवडतो बाई.”

ती गेली तशी करड्या घोड्यावाल्यांची सून आली. तिच्या पोराला म्हणे काल एकोणतिसावा दात आला. सयराकान म्हणाली, “नऊ वर्षांच्या पोराला?” तर सून म्हणाली, “आमच्याकडे लवकर येतात.”

दुपारी उंच घरवाले स्वतः आले. त्यांनी आडवळण घेतलंच नाही. “पस्तीस माझा. लक्षात ठेव. तुला कुणी सांगत नसेल म्हणून म्हटलं.”

“मला सांगायचं नाही असंच ठरलंय हो.”

“ते इतरांसाठी.”

दोन दिवसांत अडतीसपैकी एकतीस आकडे तिच्या कानावर आले. कुणी लोणी आणलं, कुणी सफरचंदं. एकाने तर तिच्या कुंपणावर खडूने आकडा लिहून ठेवला. प्रत्येकाला वाटत होतं, की ही युक्ती आपल्या एकट्यालाच सुचली. सयराकानने साय परत पाठवली, लोणी परत पाठवलं; सफरचंदं कुणाची हे आठवेना, म्हणून मशिदीत नेऊन ठेवली. मामंजींकडून मात्र काहीच निरोप आला नाही. आपला आकडा सुनेला सांगायची गरज काय, असं त्यांना वाटलं असेल, असं ती समजली.

“आता सगळे आकडे माहीत झालेत,” ती कुबातला म्हणाली. “म्हणजे मी पुन्हा होते तिथेच. एक सांगते, या गावाला कुलूप दिलं ना, तर किल्ल्या सगळ्यांना वाटायला आधी सभा घेतील.”

“तू उगीच मनाला लावून घेतेस,” कुबात म्हणाला. “दर वर्षी जातोच की माल.”

“दर वर्षी जातो आणि दर वर्षी भाव पडतो.”

“पण जातो ना?”

तिने जपमाळ हातात घेतली आणि तेहतीस मणी ओढले. मग आणखी तेहतीस.

ट्रकाला तीन दिवस उरले होते. त्या दुपारी नासिपा कुणाच्या तरी मृत्यूच्या वर्षदिनाच्या जेवणाची भांडी परत ठेवायला निघाली होती. चोंग-आरिकच्या बायकांचा सामाईक भांड्यांचा संच आहे. दोनशे वाडगे, चाळीस किटल्या, सहा मोठ्या कढया. लग्न असो की मयत, ज्याला लागेल तो नेतो, धुऊन आणून ठेवतो, फुटलं तर भरून देतो. वीस वर्षं चाललंय. अध्यक्ष नाही, वही नाही, सभा नाही. सगळे वाडगे एका घाटाचे, एका रंगाचे. कुठला कुणाच्या हातात गेला होता हे कुणी सांगू शकणार नाही.

सयराकान त्या रचलेल्या वाडग्यांकडे पाहत राहिली.

“नासिपा, यातले अडतीस ठेव बाहेर.”

रीत तिने मौलवींना समजावून सांगितली. पोखरायची लोखंडी नळी घेऊन त्यांनी एकट्याने कोठारात जायचं. एकेका सभासदाच्या थप्पीतून, वरून-खालून-मधून, दाणा काढून एका वाडग्यात घ्यायचा. आकड्याची चिठ्ठी वाडग्याच्या बुडाशी, दाण्याखाली झाकलेली. मग सगळे वाडगे अंगणात लांब कापडावर आणून ठेवायचे, ओळीने नव्हे, हाताला येतील तसे. तोवर सगळे कोठाराच्या मागे, पाठ फिरवून. वाडगे मांडून झाले, की सयराकान, नासिपा आणि शाळेच्या जुन्या बाई, तिघींनी दाणा बघायचा. ‘चालेल’ ते डावीकडे, ‘परत’ ते उजवीकडे. सगळं संपल्यावरच चिठ्ठ्या वर काढायच्या.

“आकडा माहीत असूनही काही उपयोग नाही, म्हणजे,” मौलवी म्हणाले.

“नाही ना? तुम्हीच सांगा, काही फट राहिलीय का?”

मौलवींनी विचार केला. “मला साय आणून देतील.”

“आणतील. तुम्ही खा आणि रोज जाता तसे नमाज पढायला जा. दाणा नळीतूनच येणार.”

ते हसले. वाडगे तपासायच्या दिवशी अंगणात इतकी गर्दी झाली, की शाळाही सोडून द्यावी लागली. अडतीस वाडगे पांढऱ्या कापडावर, उन्हात दाणे मोत्यांसारखे. मामंजी पुढेच, फेल्टची टोपी डोळ्यांवर ओढून, काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेले.

तिघी गुडघ्यांवर बसल्या आणि एकेक वाडगा घेऊ लागल्या. दाणा बोटांत फिरवायचा, उन्हाला धरायचा, दातांत दाबून बघायचा. जुना दाणा पिवळसर, सुरकुतलेला, त्यात नख रुतत नाही. पहिला वाडगा स्वच्छ. दुसरा स्वच्छ. सहाव्यात जुने दाणे निघाले. शाळेच्या बाईंनी तो उजवीकडे सरकवला आणि मागे कुणीतरी दीर्घ श्वास सोडला. तासाभरात उजवीकडे सात वाडगे झाले, डावीकडे एकतीस.

उजवीकडचा सातवा वाडगा सयराकाननेच तिथे ठेवला होता. त्यात वरचे दाणे इतके नीट निवडलेले होते, की तिला निवडणारीचं कौतुक वाटलं. पण तळाशी मूठभर गेल्या वर्षीचे. अशी घाण करायची तर वरची मेहनत कशाला घेतली बिचारीने, असं तिच्या मनात आलं.

चिठ्ठ्या वर काढल्या गेल्या. मौलवींनी यादी काढून तिच्या हातात दिली. आता नावं. तिने उजवीकडच्या चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं, आणि बोट थांबलं.

सातवा वाडगा, आकडा चोवीस. कुबात आणि सयराकान.

अकरा दिवस मान मोडून तिने तो घेवडा निवडला होता. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो पुन्हा जमीन उकरत होता.

“दोनच पोती टाकली गं,” तो हळूच म्हणाला. “कणगीत उगीच पडून होती. दहा पोत्यांत दोन कळतात का?”

सयराकानच्या सात वर्षांच्या नेमाला एवढा ताण कधी पडला नव्हता.

अध्यक्षांनी यादीवर डोकावून पाहिलं. त्यांचा आकडा बारा. तोही उजवीकडे होता. पण दुसरी गोष्ट दिसताच त्यांचा चेहरा उजळला.

“अरेच्चा. मंडळी, ऐका. आपल्या चिटणीसबाईंचाच माल परत. आता बोला. जिथे चिटणिसाचाच माल नापास, तिथे इतरांना काय म्हणायचं? चूक सगळ्यांकडून होते. मी म्हणतो, यंदा सगळ्यांना माफ. सगळी पोती चढवा ट्रकात. नियम पुढच्या वर्षीपासून, नीट.”

“बरोबर,” सातांपैकी कुणीतरी म्हणालं. “वहिनी, तुम्ही पण वाचलात की.”

आता मात्र तिला रडू येईल असं वाटलं. तिची चूक म्हणून नियम रद्द. तिची चूक नसती, तर ती नावं घेत नाही म्हणून रद्द. काहीही घडलं तरी त्यातून हे लोक एकच रस्ता काढत होते, आणि तो रस्ता कायम त्या भरलेल्या ट्रकाकडे, पडलेल्या भावाकडे आणि मीरिमच्या तिकिटाकडे जात होता.

“माझी पोती परत,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण अंगणाच्या शेवटापर्यंत गेला. “सयराकान आणि कुबात. दहा पोती. परत. हे नाव मला घेता येतं.”

“अगं, पण तुझी एकटीचीच परत कशी? मग बाकीच्या सहांचीही—”

“एकोणीस कुणाचा?” मामंजींनी विचारलं.

सगळे त्यांच्याकडे वळले. मौलवींनी यादी पाहिली. “तुमचाच, तुर्गुनाली-अके,” ते आदराने म्हणाले.

“कुठल्या बाजूला आहे?”

“डावीकडे. स्वच्छ. शाळेच्या बाई म्हणाल्या, सगळ्यांत स्वच्छ.”

म्हातारे काठी टेकत उठले. वाडग्यांजवळ गेले, डावीकडचा एक वाडगा उचलला, दाणे हातावर घेतले. मग अध्यक्षांना म्हणाले, “पन्नास वर्षं मी घेवडा करतो, जेनिश. आधी सरकारला दिला, मग व्यापाऱ्याला. माझा दाणा चांगला असं आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं पोतं उघडायलाच भितात सगळे. आज कळलं, आणि आता तू म्हणतोस, तो तुझ्या कचऱ्यात ओतू?”

“कचरा नाही हो, थोडी मिसळ—”

“माझा नाही ओतू देणार.”

“माझाही नाही,” शाळेच्या बाई म्हणाल्या. “मी बारा दिवस निवडलाय.”

“आणि आम्ही काय फुकट निवडला?” मागून एक बाई. मग दुसरी. मग डावीकडचे पुरुषही बोलू लागले. आदल्या आठवड्यापर्यंत नियमाला कुणी वाली नव्हता. आता त्याला एकतीस वाली मिळाले होते, कारण प्रत्येकाला आपला वाडगा कुठल्या बाजूला आहे हे दिसत होतं, आणि शेजाऱ्यालाही दिसत होतं. उंच घरवाल्यांचा वाडगा डावीकडे निघाला होता. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच.

“पण नावं कोण वाचणार?” अध्यक्षांनी शेवटचा प्रयत्न केला. “ती तर घेणार नाही.”

“आण इकडे,” मामंजी म्हणाले. “या गावात माझ्यापेक्षा मोठं कोण आहे? मी कुणाचंही नाव घेईन. हे तुम्हाला वसंतात सुचलं नाही होय?”

सुचलं होतं की नाही, हे अध्यक्षांच्या तोंडावर दिसत होतं. मामंजींनी चष्मा लावला आणि सातही नावं वाचली, हळूहळू, अक्षरं जुळवत, कुणाला घाई नाही अशी. त्यात ‘कुबात’ वाचताना त्यांनी चष्म्यावरून मुलाकडे एकदा पाहिलं. पुढचं नाव सव्वीस वर्षांत त्यांनीही कधी उच्चारलं नव्हतं, नेहमी ‘सूनबाई’ म्हणत. तेही वाचलं, आणि पुढे गेले.

सात घरांची एकाहत्तर पोती गाड्यांवर चढून परत गेली. ट्रक येणार गुरुवारी, आणि एल्दारला चारशे पोती हवी होती. सयराकानने घरी जाऊन अंगणात ताडपत्री अंथरली, कुबातला म्हणाली, “ओत,” आणि त्यापुढे दोन दिवस त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तो स्वतःहून तिच्यासमोर बसला. निवडण बायकांचं काम, आयुष्यात केलेलं नाही, दर पाच मिनिटांनी एक दाणा पुढे करून विचारायचा, “हा जुना का नवा?” ती नुसती मान हलवायची. मीरिमही येऊन बसली. तिला बापाची दया आली असावी, किंवा गंमत वाटली असावी.

“बाबा, तो खडा आहे.”

“मला वाटलं, फार जुना दाणा.”

सयराकानने ओठ घट्ट मिटून मान खाली घातली.

गुरुवारी ट्रक आला तेव्हा एकाहत्तरांतली बावन्न पोती पुन्हा निवडून, पुन्हा वाडग्यातून पास होऊन आली होती. अध्यक्षांची सगळ्यांत शेवटी. त्यांच्या बायकोची बोटं सुजलेली दिसत होती आणि ती कुणाशी बोलत नव्हती. एकोणीस पोती कमी पडली.

“चारशे ठरली होती,” एल्दार म्हणाला.

“तीनशे एक्याऐंशी आहेत,” सयराकान म्हणाली. “एकोणीस मिळतील आत्ता, न निवडलेली, घराघरांत पडलीयत. पण ती चढवली तर बाकीची उघडून बघायचे तुझे कष्ट वाया जातील.”

एल्दारने तिच्याकडे पाहिलं, नळी घेतली आणि पहिल्या पोत्यात खुपसली. दाणे हातावर घेतले, फिरवले, एक तोंडात टाकला. दुसरं पोतं. मग एकदम मधलं, तळातलं, जिथे माणूस हमखास लपवतो तिथलं. अंगणात सगळे उभे होते, पण कुणी चहाचं नाव काढलं नाही. नवव्या पोत्यानंतर त्याचा हात सैल पडला. बाराव्यानंतर त्याने नळी झटकली आणि ट्रकवाल्याला सांगितलं, “ताडपत्री बांध.”

“आणि पट्टा?” सयराकानने विचारलं.

“नोव्हेंबरात येईल.”

“कुठल्या वर्षीच्या?”

एल्दार हसला. “याच. कागद आणलाय. पण सही कुणाची घ्यायची? अध्यक्षांची?”

अध्यक्ष पुढे झाले. मामंजींची काठी आडवी आली नाही, पण जमिनीवर एकदा वाजली. अध्यक्ष थांबले. म्हणाले, “चिटणीसही करू शकते सही. मी पण करतो. दोघांची असू दे.”

सयराकानने आधी कागद पूर्ण वाचला, दोनदा. बारा बायका, नोव्हेंबर ते मार्च, कोठाराचं छप्पर दुरुस्त करायचं गावाने. छपराच्या ओळीवर ती अडखळली. छपरासाठी आता पुन्हा सभा घ्यावी लागणार, कोण किती पत्रे देणार हे ठरवावं लागणार, आणि अडतीस हात वर जाणार. तिने डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि सही केली.

ट्रक वळणापलीकडे गेला. मीरिम तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“तिकीट परत केलं तर निम्मेच पैसे देतात,” ती म्हणाली.

“मग निम्मे घेऊन ये,” सयराकान म्हणाली. “आणि येताना छपराच्या पत्र्याचा भाव विचारून ये.”